रॉस्किल्डच्या विटा: डेन्मार्कमधले चार दिवस

दिवस पहिला, कोपनहेगन

भाच्याकडे डेन्मार्कला जायचं असं तीन वर्षं नुसतं बोलणं चाललं होतं, शेवटी सप्टेंबरात जमलं. निघताना आबांच्या पाया पडले (आबा म्हणजे माझे वडील, वय ८६) तर ते म्हणाले, तिकडं विटांचं मोठं चर्च आहे म्हणतेस ना, मग वीट नीट बघून ये, राजे काय सगळीकडंच असतात. आबांची कराडजवळ कृष्णेकाठी वीटभट्टी होती. आमचं सगळ्यांचं शिक्षण, दोन बहिणींची लग्नं, सगळं त्या भट्टीवर झालं. लहानपणी आम्ही रचलेल्या विटांवरून पळायचो तर आबा ओरडायचे, विटेला पाय लावायचा नाही, तिच्यावर पांडुरंग उभा आहे. त्यामुळे रॉस्किल्डच्या कॅथेड्रलबद्दल पहिल्यांदा वाचलं तेव्हापासून ते माझ्या मनात बसलेलं होतं, आठशे वर्षांपूर्वीचं, युनेस्कोच्या यादीत गेलेलं आणि जवळजवळ सगळं विटांचं.

पहिला दिवस झोप आणि जेटलॅगमध्येच गेला. संध्याकाळी भाचा फिरायला घेऊन गेला तेव्हा एका चौकात अब्सालोनचा पुतळा बघितला, घोड्यावर बसलेला, हातात कुऱ्हाड. हा माणूस बिशप होता, म्हणजे धर्मगुरू, आणि हातात कुऱ्हाड, मला आधी कळेचना. पण त्या काळातला बिशप म्हणजे जहागीरदार, सेनापती, राजाचा सल्लागार सगळं एकच. अब्सालोन ११५८ ला रॉस्किल्डचा बिशप झाला, राजा पहिला वाल्देमार त्याचा लहानपणापासूनचा मित्र, आणि ११६७ च्या सुमारास त्याने इथे किनाऱ्यावर किल्ला बांधला, त्यातून पुढे कोपनहेगन वाढलं. त्या किल्ल्याचे अवशेष आताच्या क्रिश्चन्सबोर्ग राजवाड्याच्या खाली तळघरात बघायला मिळतात. तिथली जुनी भिंत चुनखडीच्या दगडांची आहे. त्याच माणसाने थोड्याच वर्षांनी रॉस्किल्डला मात्र वीट वापरली, हे डोक्यात ठेवून झोपले.

दिवस दुसरा, रॉस्किल्ड

कोपनहेगनहून ट्रेनने जेमतेम पंचवीस मिनिटं. तिकडचे लोक गावाला रॉस्किले असं काहीतरी म्हणतात, ड कुठे जातो देव जाणे. स्टेशनवरून चालत दहा मिनिटांत चौकात पोचलो आणि समोर ते लाल चर्च. फोटोत बघून कल्पना येत नाही. दोन मनोरे, त्यावर सुईसारखी हिरवट टोकं, तांब्याचा पत्रा आहे त्यावर, तो हवेने हिरवा पडलाय. ती टोकं नंतरची आहेत, १६३५-३६ मधली, राजा चौथ्या क्रिश्चनने बसवलेली. आणि खाली सगळी भिंत वीट, वीट आणि वीट.

आधी इतिहास थोडक्यात सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही. इथलं पहिलं चर्च लाकडी होतं, हॅराल्ड ब्लूटूथ नावाच्या राजाने सन ९८० च्या आसपास बांधलेलं, तोच हॅराल्ड ज्याच्या नावावरून आपल्या मोबाईलमधलं ब्लूटूथ आलं. मग दगडी चर्च आलं, त्याची गोष्ट फार वाईट आहे. १०२६ च्या नाताळात राजा क्नुड आणि त्याचा मेहुणा उल्फ यांचं भांडण झालं, बुद्धिबळाच्या डावावरून झालं असं सांगतात, आणि दुसऱ्या दिवशी राजाने उल्फला चर्चमध्येच मारवलं. उल्फची बायको एस्ट्रिड म्हणजे राजाची बहीण. तिला जी भरपाई मिळाली त्यातून तिने इथे दगडी चर्च उभं केलं असं म्हणतात. ते दगडही वेगळे, झऱ्याच्या पाण्यातून साचत गेलेला चुना, सच्छिद्र, स्पंजासारखा. रॉस्किल्ड ज्या झीलंड बेटावर आहे तिथे चांगला बांधकामाचा दगड नाहीच, हे लक्षात घ्यायला हवं. हिमयुगातल्या बर्फाने आणून टाकलेले ग्रॅनाईटचे गोटे शेतात सापडतात, ते घडवायला महाकठीण, बाकी खडू आणि चुनखडी. आपल्याकडे सह्याद्रीत काळा पाषाण हवा तेवढा, म्हणून आपली देवळं दगडाची. इथे पायाखाली आहे ती चिकणमाती, आणि माती भट्टीत घालून तिचा दगड करायची विद्या ११६० च्या सुमारास उत्तर इटलीकडून या देशात येऊन पोचली.

अब्सालोनने ११७० च्या दशकात विटांचं चर्च सुरू केलं. मला सगळ्यात आवडलं ते हे की जुनं दगडी चर्च पाडून जागा मोकळी नाही केली, ते मध्ये तसंच ठेवलं, पूजाअर्चा चालू ठेवली आणि नवीन भिंती त्याच्या बाजूने चढवत गेले, जसजसं नवीन वापरायला येईल तसतसं जुनं उतरवत गेले. आपल्याकडे जुन्या वाड्यात राहून मागे नवीन घर बांधतात ना, अगदी तसंच. सुरुवातीचा आराखडा जुन्या पद्धतीचा होता, अर्धगोल कमानी, जाड भिंती. मग अब्सालोननंतर त्याचाच नातलग पेडर सुनेसन बिशप झाला, तो पॅरिसला शिकून आलेला, आणि तिथे तेव्हा गॉथिकची नवी लाट चालू होती, टोकदार कमानी, उंच छत, भरपूर उजेड. त्याने आराखडा मध्येच बदलला. म्हणजे फ्रान्समध्ये जे लोक दगडात कोरून करत होते ते इथल्या गवंड्यांनी विटेत करायला घेतलं. दगडाला छिन्नी लावून हवं ते फूल काढता येतं, विटेला नाही, वीट साच्यातून निघते तशीच. म्हणून इथे नक्षी कमी आणि रेषा जास्त. मला तरी ते जास्त भावलं.

आत गेल्यावर मान वर करून किती वेळ उभी होते कुणास ठाऊक. लाल खांब, वर पांढरं छत, आणि वेदीच्या मागून गोल फिरणारी वाट, चक्क प्रदक्षिणामार्ग. भाच्याला म्हटलं तर तो म्हणाला, मावशी खरंच की. मध्ययुगात यात्रेकरू याच वाटेने फिरायचे, इथे संत ल्युसिअसची कवटी ठेवलेली होती. तो जुना पोप, या चर्चचा रक्षक मानलेला. फ्योर्डमध्ये, म्हणजे समुद्राची जी लांब खाडी गावापर्यंत येते तिच्यात, एक राक्षस होता आणि तो प्रत्येक जहाजातला एक माणूस मागायचा, ती कवटी आणली तेव्हा तो पळाला, अशी कथा आहे. खाडीचा राक्षस आणि बोटीतला माणूस, कोकणातल्या कुणालाही ही गोष्ट ऐकल्यासारखी वाटेल.

वेदीजवळच्या खांबांमध्ये माणसं पुरलेली आहेत, म्हणजे खरंच खांबाच्या आत हाडं आहेत. एकात एस्ट्रिडचा मुलगा राजा स्वेंड, एकात त्याच्या काळातला बिशप विल्हेल्म, आणि एकात एस्ट्रिड स्वतः असं शेकडो वर्षं मानलं जायचं. पण अलीकडे त्या हाडांची डीएनए तपासणी केली तर ती बाई स्वेंडची आई असूच शकत नाही असं निघालं. मला ते वाचून एस्ट्रिडचंच वाईट वाटलं. नवऱ्याला याच जागी मारलं, त्या पैशातून हिने चर्च बांधलं, आणि आता तिची जागाही तिची राहिली नाही.

आणि मग वेदीमागे मार्ग्रेट राणी. पांढऱ्या अलाबास्टर दगडाची तरुण बाई झोपलेली आहे, हात जोडलेले. हिने १३९७ मध्ये डेन्मार्क, नॉर्वे, स्वीडन तिन्ही राज्यं एका छत्राखाली आणली, आणि तेही स्वतःला राणी म्हणवून राज्याभिषेक करून न घेता, आधी मुलाच्या नावाने, तो गेल्यावर दत्तक घेतलेल्या एरिकच्या नावाने. मला आपल्या अहिल्याबाई आठवल्या, काळ वेगळा, देश वेगळा, पण मुलगा गेल्यावर कारभार हातात घेऊन तो नीट चालवणं तेच. ती १४१२ ला जहाजावर वारली, पुरली होती सोरो नावाच्या गावी मठात, पण रॉस्किल्डच्या बिशपने पुढच्याच वर्षी तिथून तिचं शव इथे आणलं, मठातल्या साधूंची इच्छा नसताना. राणीची समाधी ज्या चर्चमध्ये, त्याचा मान मोठा, दानधर्म जास्त, हे त्यामागचं सरळ गणित. पण तिच्यामुळेच ही राजघराण्याची समाधीची जागा झाली. आज जवळपास चाळीस राजे-राण्या इथे आहेत.

दुपारी एक लग्न होतं म्हणून पर्यटकांना बाहेर काढलं. आधी थोडी हिरमुसले, पण दारात उभं राहून पाहुणे येताना बघितले, आज्या, कडेवरची पोरं, फुलं, आणि खरं सांगायचं तर बरंच वाटलं. युनेस्को वगैरे ठीक आहे, पण गावातल्या पोरीचं लग्न आजही तिथेच लागतं. उरलेलं परवा बघू म्हटलं.

दिवस तिसरा, रिंगस्टेड आणि सोरो

हा दिवस माझ्या हट्टाचा. भाचा म्हणाला तिथे कोण जातं मावशी, पण आला सोबत, त्याची बायको ऑफिसला गेली.

त्याच रेल्वेमार्गावर पुढे रिंगस्टेड लागतं. तिथलं सेंट बेंड्ट चर्च हे या देशातल्या सगळ्यात जुन्या विटांच्या चर्चपैकी एक, ११७० मध्ये त्याची प्रतिष्ठापना झाली, म्हणजे रॉस्किल्डच्या थोडं आधीचं. अब्सालोनचा मित्र राजा वाल्देमार इथे पुरलेला आहे, ११८२ मध्ये वारला. आणि इथे मला जे सापडलं त्यासाठी अख्खा डेन्मार्क पुन्हा फिरायची माझी तयारी आहे. वाल्देमारच्या शवपेटीत एक शिशाचा पत्रा होता, त्यावर लॅटिनमध्ये त्याची कामगिरी कोरलेली. शत्रूंना हरवलं वगैरे आहेच, पण त्यात असंही लिहिलंय की देशाच्या रक्षणासाठी डानेविर्के नावाची जी तटबंदी, ती याने पहिल्यांदा भाजलेल्या विटांनी बांधली. भाजलेल्या विटांनी! राजा मेल्यावर त्याच्या उशाशी ठेवायच्या पत्र्यावर विटेचा उल्लेख. तेव्हा वीट किती नवलाईची गोष्ट असेल विचार करा, आज कुणी सॅटेलाईट सोडला तर जसं लिहितील तसं.

मी तिथूनच बाकावर बसून आबांना व्हिडिओ कॉल लावला. त्यांना नीट ऐकू येत नाही, मी ओरडून ओरडून सांगितलं, चर्चमध्ये आणखी कोणी नव्हतं म्हणून बरं. त्यांना कळल्यावर ते म्हणाले, शहाणा राजा होता. मग विचारलं, हिवाळ्यात काय करायचे हे लोक? मला उत्तर येत होतं कारण रात्री वाचलं होतं. माती शरद ऋतूत खणून ढीग करून ठेवायची, हिवाळाभर बर्फाने गोठून सुटून ती आपोआप मऊ होते, मग वसंतात मळायची, उन्हाळ्यात लाकडी साच्यात थापायची आणि वाळवायची, कारण ओल्या विटेत पाणी गोठलं की ती फुटते. म्हणजे वर्षातले चारेक महिनेच वीट थापता यायची. आबा म्हणाले, आपली पण दिवाळी ते मृग, तेवढेच दिवस, पुढं पाऊस. त्यांच्या पोयट्यात भाताचं तूस आणि राख मिसळायचे, मातीचा कस बघून. मातीत लोखंडाचा अंश असला तर वीट लाल, चुना जास्त असला तर पिवळसर, हे त्यांनी मला शाळेत जायच्या आधी शिकवलं होतं, आणि इथे डेन्मार्कात गावागावात दोन्ही रंगांची घरं दिसत होती.

तिथून सोरो, दहाएक मिनिटं पुढे. तळ्याकाठी मठ, मोठी झाडं, प्रचंड शांतता. हे मठाचं चर्चही विटांचंच आणि अब्सालोन स्वतः इथे आहे, १२०१ मध्ये तो इथेच वारला, वेदीच्या मागे पुरलाय. एकोणिसाव्या शतकात कबर उघडली तेव्हा त्याची अंगठी सापडली होती. मार्ग्रेट राणीला जिथून उचलून नेलं ती जागा हीच. रॉस्किल्डला उभं राहून तिची गोष्ट ऐकताना बिशप हुशार वाटला होता, इथे तळ्याकाठी बसल्यावर मात्र मी साधूंच्या बाजूची झाले. येताना ट्रेन लेट, भूक लागलेली, भाच्याने सोबत आणलेल्या पोळी-चटणीवर निभावलं.

दिवस चौथा, पुन्हा रॉस्किल्ड

एकटी गेले. भाच्याला मीटिंग होती आणि मलाही एकटीलाच जायचं होतं.

दार उघडायच्या वेळीच पोचले, त्यामुळे घड्याळ शांतपणे बघता आलं. साधारण १५०० सालचं, भिंतीत उंचावर. दर तासाला घोड्यावरचा सेंट जॉर्ज हलतो आणि खाली ड्रॅगन किंचाळतो, खरोखर एक चिरका आवाज येतो. बाजूला दोन बाहुले, पेर तासाचे ठोके देतो आणि किर्स्टन पाव तासाचे. शाळेची पोरं आली होती, आवाज झाल्यावर सगळी एकदम गप्प, मग सगळी एकदम ओरडली. मी पुढच्या तासाला परत जाऊन उभी राहिले.

मग एकेक दालन. या चर्चची गंमत ही की मूळ इमारत साधारण १२८० च्या सुमारास पुरी झाली, पण दर काही पिढ्यांनी राजाने बाजूला आपलं दालन जोडलं, आणि प्रत्येक दालन आपापल्या काळाच्या पद्धतीचं. पहिल्या क्रिश्चनच्या दालनात ग्रॅनाईटचा खांब आहे, त्यावर इथे येऊन गेलेल्या राजांच्या उंचीच्या खुणा, रशियाचा पीटर द ग्रेट पण आहे, सयामचा राजा पण आहे. पहिल्या क्रिश्चनची स्वतःची खूण इतकी वर आहे की ती खरी असणं शक्यच नाही. पाचव्या फ्रेडरिकचं दालन सगळं पांढरं, अठराव्या शतकाच्या शेवटच्या भागात सुरू केलेलं, तिथे मला थंड वाटलं, लवकर बाहेर आले. दुसऱ्या मार्गरेट राणीची, जिने २०२४ च्या जानेवारीत राज्य मुलाच्या हाती दिलं, तिची समाधी आधीच तयार आहे. काच, आणि तिला आधार देणारे खांब तीन ठिकाणच्या दगडांचे, फॅरो बेटांचा बेसॉल्ट, ग्रीनलँडचा संगमरवर, बॉर्नहोमचा ग्रॅनाईट. स्वतःची समाधी जिवंतपणी बघून ठेवायची याला धीर लागतो.

चौथ्या क्रिश्चनच्या दालनात मात्र बराच वेळ बसले, कारण इथे आपला संबंध येतो. याच राजाच्या काळात १६१६ ला डॅनिश ईस्ट इंडिया कंपनी निघाली आणि १६२० मध्ये तंजावरच्या रघुनाथ नायकाशी करार करून त्यांनी तमिळनाडूच्या किनाऱ्यावर तरंगंबाडीला डॅन्सबोर्ग किल्ला बांधला. पन्नास-साठ वर्षांत तंजावर आलं व्यंकोजीराजे भोसल्यांकडे, म्हणजे या राजाची माणसं ज्या जमिनीवर बसली होती तिचं वार्षिक भाडं पुढे मराठी दरबारात जायला लागलं. आणि तंजावरचे सरफोजीराजे, ज्यांचं नाव सरस्वती महाल ग्रंथालयाशी जोडलेलं आहे, त्यांना शिकवलं ते श्वार्ट्झ नावाच्या मिशनऱ्याने, जो १७५० ला याच तरंगंबाडीत उतरला होता. राजाची शवपेटी समोर आणि मनात तंजावर, असा कितीतरी वेळ गेला. दालनाची लोखंडी जाळीही बघण्यासारखी, कास्पर फिंके नावाच्या लोहाराचं काम, सतराव्या शतकाच्या सुरुवातीचं, वेलीसारखं वळवलेलं लोखंड.

मग बाहेर पडले आणि उत्तरेच्या बाजूला नववा फ्रेडरिक राजा दिसला, १९७२ मध्ये गेलेला. त्याला आत नको होतं, मोकळ्या आकाशाखाली हवं होतं. अष्टकोनी भिंत आहे, विटांची, १९८५ मध्ये पुरी झालेली. म्हणजे अब्सालोनपासून आठशे वर्षांनी देखील तिथल्या लोकांनी दुसरं काही न वापरता वीटच घेतली. मध्ये किती आगी लागल्या, १४४३ ला गाव जळालं तेव्हा चर्च पण जळालं आणि पुन्हा प्रतिष्ठापना व्हायला वीस वर्षं लागली, १९६८ च्या ऑगस्टमध्ये दुरुस्ती चालू असताना छप्पर पेटलं. दर वेळी उभं केलं.

आणि आता आबांचं काम. बाहेरच्या भिंतीला अगदी नाक लावून फिरले, दोन बायका माझ्याकडे बघून गेल्या. जुनी वीट ओळखू येते, दुरुस्तीची एकसारखी असते, जुनी नाही. मोठी असते, जवळपास २८ सेंटीमीटर लांब, ८ ते ९ जाड, तिला मुंकेस्टेन म्हणतात, साधूंची वीट, कारण विद्या मठांतून पसरली असं मानतात. आपली नऊ इंची वीट तिच्यापुढे लहान दिसेल. कडा गोलसर झालेल्या, सांध्यांमध्ये बोटभर चुना. भिंत आरपार विटेची नसते, बाहेर एक पदर, आत एक पदर आणि मध्ये गोटे आणि चुन्याची भर. मग कोपऱ्याजवळ, माझ्या खांद्याच्या उंचीवर, एका विटेवर तीन बोटांची रेघ दिसली. ओली असताना कुणीतरी उचलली आणि बोटं घसरली, तशी. मी माझी बोटं त्यावर ठेवून बघितली. माझ्यापेक्षा लहान हात. आमच्या भट्टीवर थापणाऱ्यांची पोरं विटा उलटायची, त्यांच्या बोटांच्या अशाच रेघा पडायच्या, आणि त्या विटा पण कुणाच्यातरी घरात गेल्या असतील.

फोटो काढून आबांना पाठवला. मग कॉल केला. त्यांनी फोन डोळ्याजवळ धरला, त्यामुळे मला नुसतं कपाळ दिसत होतं.

म्हणाले, भाजणी एकसारखी नाही, एक बाजू काळी झाली बघ, आगीच्या जवळ होती. मग म्हणाले, वाजवून बघितलीस का?

भिंतीत आहे आबा, कशी वाजवू.

बोटानं वाजव की.

मी फोन भिंतीला टेकवला, आणि दुसऱ्या हाताच्या बोटाच्या पेराने दोनदा टकटक केलं. ते काही बोलले नाहीत. मग म्हणाले, अजून एकदा.